चिखलाचं मूळ वीस पावलं वर असतं

माथेरानमध्ये पेव्हर ब्लॉक हवेत की नकोत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे माणसं आणि घोडे लाल मातीवरून चालतात आणि जूनपासून तिचा रबडा होतो. वाटेवर काय अंथरायचं ते नंतर बघू. वाटेवर पाणी थांबतंच का?

जांभ्याची माती एरवी पाणी पिते. टापांखाली मात्र ती दबते, कणांमधल्या पोकळ्या मिटतात आणि पाणी मुरेनासं होतं. वाट कडांपेक्षा खाली बसते, तिचा ओहोळ होतो. मग बूट वाचवायला आपण कडेच्या गवतावरून जातो आणि ओहोळ रुंदावतो.

आता माझा लाडका हिशेब. वाहतं पाणी किती वजनाचा दगड ढकलेल, हे वेगाच्या सहाव्या घातावर ठरतं. वेग दुप्पट, तर वजन ६४ पट! आणि वेग? मॅनिंगच्या सूत्रानुसार तो पाण्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतो. दोन-तृतीयांश गुणिले सहा म्हणजे चार. म्हणून पाण्याची खोली निम्मी केली, तर ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन थेट सोळाव्या हिश्श्यावर येतं. उतार तोच, माती तीच. फक्त पाणी साठू दिलं नाही.

ते साठू नये म्हणून वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटिमीटर. डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून वाट जास्त चढी नको, नाहीतर पाणी दरीत उतरायचं सोडून वाटेनेच पळतं. जुन्या वाटेला मधूनमधून तिरका चर आणि शेताच्या बांधाला असतो तसा सांडवा द्यायचा. चर काटकोनात आडवा खणला तर गाळाने बुजतो. ४५ अंशांच्या आसपास तिरका असेल, तर पाणीच तो धुऊन काढतं.

नुसता मुरूम ओतला की तो पुढच्या सरीत खाली जातो. गडवाटेवर सिमेंटच्या पायऱ्या बांधून फोटो काढणाऱ्यांनी दोन पावसाळ्यांनी परत यावं. पाण्याची सोय केलेली नसेल, तर शेजारी नवी घळ दिसेल आणि लोक तिच्यातूनच चढताना दिसतील.

दुरुस्तीला निघायचं तर भर पावसात. चिखलापाशी न थांबता पाणी वाटेवर शिरलं कुठून, ते पाहत वर चढायचं. बहुधा वीसेक पावलांवर ती जागा सापडते. चर तिथे. मोठी सर येऊन गेली की सांडव्याच्या तोंडाशी गाळ धरतो, तेवढा फावड्याने ओढून टाकायचा.