एन्कोडर बदलल्याने रेंडरचा वेळ निम्मा होतो का?

लातूर-नांदेडकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या मंडळींत एक समजूत वर्षानुवर्षे पक्की बसली आहे : संगणकात नवे कोडेक पॅक (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या व पुन्हा उलगडणाऱ्या प्रोग्रामांचा संच) टाकले किंवा महागडे ग्राफिक्स कार्ड बसवले, की रेंडरचा, म्हणजे तयार व्हिडिओ फाईल काढण्याचा, वेळ निम्म्यावर येतो. यातला पहिला भाग सपशेल चुकीचा आहे, कारण प्रीमिअर प्रोसारखे एडिटिंग सॉफ्टवेअर एक्स्पोर्टसाठी स्वतःचेच एन्कोडर (चित्रे दाबून फाईल बनवणारा भाग) वापरते; कोडेक पॅक प्रामुख्याने व्हिडिओ प्लेअरच्या कामाचे असते.

कार्डाचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. ग्राफिक्स कार्डाच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१२ मध्ये केप्लर नावाच्या पिढीपासून चिपवर एन्कोडिंगसाठी वेगळा भाग दिला. मात्र तिचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड आणि त्याहून कितीतरी महाग असलेले ३०९० या दोन्हींत तो एकाच पिढीचा आहे, त्यामुळे निव्वळ एच.२६४ (व्हिडिओचा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार) फाईल काढण्यासाठी मोठे कार्ड घेणे म्हणजे बहुतेक पैसे पाण्यात.

शिवाय एन्कोडिंग हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी मूळ फुटेज डीकोड व्हावे, म्हणजे उलगडावे लागते, आणि हळदीच्या शॉटवरचे कलर करेक्शन, मंडपातल्या अंधुक उजेडासाठी लावलेले नॉइज रिडक्शन, अक्षता पडतानाचे स्लो मोशन हे सारे फ्रेमगणिक तयार व्हावे लागते. हार्डवेअर एन्कोडिंग (कार्डावरच्या त्या भागाकडून) निवडूनही विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला ‘व्हिडिओ एन्कोड’चा आलेख २० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर एन्कोडर रिकामा बसला आहे, अडचण डीकोडिंगमध्ये, इफेक्टमध्ये किंवा फुटेज ठेवलेल्या संथ हार्ड डिस्कमध्ये शोधावी. आलेख शून्यावरच असेल, तर सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर एन्कोडिंग (प्रोसेसरकडून) राहिले आहे का, हे आधी पाहावे.