कोविड-१९ मधील यकृताची इजा आणि चयापचयाचे विकार

कोविड-१९ हा मुळात श्वसनमार्गाचा आजार, तरी त्यात यकृतालाही झळ लागते. २०२० मधील सुरुवातीच्या अहवालांत १४ ते ५३ टक्के रुग्णांची यकृत-तपासणी बिघडलेली आढळली. यकृतपेशींना इजा झाली की रक्तात उतरणारी एसजीओटी व एसजीपीटी ही विकरे (एन्झाइम) दोन्ही वाढतात, त्यांतही एसजीओटी बहुधा जास्त. कावीळ क्वचितच होते. बहुतेकांत ही वाढ सौम्य असते आणि आजार ओसरला की उतरते. मधुमेह, लठ्ठपणा किंवा फॅटी लिव्हर असलेल्यांत मात्र ती अधिक वेळा व अधिक तीव्र दिसते.

यामागे एकच कारण नसते. विषाणू पेशींच्या पृष्ठभागावरील ज्या एसीई-२ ग्राहींना (रिसेप्टर) चिकटतो, ते यकृतपेशींपेक्षा पित्तनलिकांच्या पेशींवर अधिक असतात, त्यामुळे थेट संसर्गाने सगळ्याचा उलगडा होत नाही. रक्तातला ऑक्सिजन घटणे, आयएल-६ सारख्या दाहक द्रव्यांचा भडका आणि औषधे यांचा वाटा मोठा आहे. चरबी साठलेल्या यकृतात पेशी फुगून सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात. ऑक्सिजनचा तुटवडा अशा यकृताला कमी सोसतो. पोटावरची चरबी मंद दाह सतत पेटता ठेवते, त्यात संसर्गाची भर पडते. लठ्ठपणा व मधुमेह वजा केल्यावर एकट्या फॅटी लिव्हरमुळे कोविड किती बळावतो, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

भारतात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. येथे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त व २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण अंगाने बारीक दिसणाऱ्यांच्याही पोटात चरबी साठते. अनेकांना आपले यकृत चरबीयुक्त असल्याची कल्पनाच नसते. त्यामुळे दाखल होतानाच शुगर, कमरेचा घेर आणि जुने रिपोर्ट पाहणे अगत्याचे ठरते. नाहीतर आधीपासूनची वाढ कोविडच्या खाती जमा होते. एसजीओटी स्नायूंतूनही येते, म्हणून अंगदुखी तीव्र असेल तर सीपीके (स्नायूंच्या इजेत वाढणारे विकर) तपासावे.

उपचारांचा हिशेबही ठेवावा लागतो. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या दहापटीपुढे गेल्यास रेमडेसिव्हिर हे विषाणूरोधक औषध थांबवण्याचा विचार करतात. स्टेरॉइडने शुगर चढते, आणि सुप्त हेपटायटिस बी पुन्हा डोके वर काढू शकतो. घरगुती काढ्यांबद्दलही रुग्णाला आवर्जून विचारावे. कोविडकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृत-इजेची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य करून वनस्पतीच्या ओळखीविषयी शंका घेतली. पुढे देशातील इतर केंद्रांतूनही तशाच नोंदी आल्या.

दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या मोजक्या रुग्णांत बरे झाल्यावर काही महिन्यांनी पित्तनलिका आक्रसून कावीळ होते. त्यांत अल्कलाइन फॉस्फटेज (पित्तमार्ग अडला की वाढणारे विकर) खूप वाढते, आणि काहींना यकृत-प्रत्यारोपण करावे लागले आहे.