हार्डवेअर डॉक्युमेंटेशनची टंचाई

चिप आतून कशी चालते, रजिस्टर (चिपला हुकूम देण्यासाठी ज्यात आकडे लिहायचे ते कप्पे) कुठले, कुठल्या बिटने काय होतं, हे सांगणारी कागदपत्रं कंपनीकडे असतात पण बाहेरच्याला मिळत नाहीत, ती ही अडचण. साध्या चिपचं तसं नसतं, आर्डुइनो या शिकाऊ बोर्डातल्या एटीमेगा३२८ची शेकडो पानांची डेटाशीट कोणीही फुकट डाउनलोड करू शकतो. मोबाइलचा प्रोसेसर किंवा वायफाय चिप म्हटलं की मात्र बऱ्याचदा जाहिरातवजा पत्रक हातात पडतं आणि बाकीच्यासाठी आधी एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही करा, तीही तुम्ही घाऊक माल उचलणार असाल तर, किरकोळ गिऱ्हाइकाला कोण विचारतो.

पूर्वी बरं होतं. १९८१च्या आयबीएम पीसीच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये सर्किट डायग्राम तर होतेच, वर बायोसचा, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, अख्खा कोड छापलेला. आता कंपन्या म्हणतात की चिपमधले काही भाग दुसऱ्याकडून लायसन्सवर घेतलेत, पेटंटच्या खटल्यांची धास्ती आहे, आणि बाहेर देण्याजोगं मॅन्युअल लिहायला माणसं लागतात (हे शेवटचं बरंच खरं असावं).

रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर २०१२ला आला तो मुलांनी शिकावं म्हणून, पण त्यातल्या ब्रॉडकॉमच्या बीसीएम२८३५ची पूर्ण डेटाशीट काही नाही, नुसतं पेरिफेरल्सचं (पिना, टायमर असल्या जोडभागांचं) साधारण २०० पानी पुस्तक. त्यात रजिस्टरचे पत्ते '७ई'ने सुरू होतात, ते बसचे (चिपच्या आतल्या वाहिनीचे) पत्ते, एआरएमवर (चिपमधल्या मुख्य प्रोसेसरवर) कोड लिहिताना तिथे '२०' घालावं लागतं. तसं सुरुवातीला लिहिलंय, पण घाईत तक्त्यातला पत्ता जसाच्या तसा उचलला तर एलईडी पेटत नाही आणि माणूस वायरी तपासत बसतो. चुकाही बऱ्याच, त्यांची यादी वापरणाऱ्यांनीच केली. ग्राफिक्सच्या भागाची माहिती ब्रॉडकॉमने २०१४ला खुली केली, बूटचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) बंदच.

ग्राफिक्स कार्डात एएमडीने २००७पासून रजिस्टरची कागदपत्रं द्यायला सुरुवात केली. एनव्हिडियाने दिली नाहीत, मग त्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्या नूव्हो प्रकल्पवाल्यांनी उलटा रस्ता धरला: कंपनीचा ड्रायव्हर चालू ठेवायचा, तो कार्डाला काय काय लिहून पाठवतो ते एमएमआयओट्रेस नावाच्या साधनाने टिपायचं, एकच सेटिंग बदलून परत टिपायचं आणि दोन लॉगमधला फरक शोधत बसायचं. अशा चिकाटीने त्यांचा ड्रायव्हर २०१०च्या २.६.३३ लिनक्स कर्नलमध्ये आला. पण २०१४च्या दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेल कार्डांपासून कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर लागायला लागलं, म्हणजे रजिस्टर माहीत असूनही क्लॉक (चिपचा वेग) वाढवता येईना आणि महागडं कार्ड बूटच्या मंद स्पीडवरच रखडलं. ट्युरिंग पिढीपासून पुढे एनव्हिडियाच्याच जीएसपी (कार्डाचा कारभार बघणारा आतला प्रोसेसर) फर्मवेअरने ते जमतं, अधल्यामधल्या मॅक्सवेल-पास्कल कार्डांचं घोडं तिथेच अडलंय.