स्कूटरचा ट्यूबलेस वेगळा, सायकलचा वेगळा

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. फोंड्याहून नवी माउंटन बाइक घेतली होती. दुसऱ्याच रविवारी केरीच्या बाजूला गेला आणि काजूच्या बागेतल्या पायवाटेवर मागचं चाक बसलं. "मामा, टायरवर चक्क ट्यूबलेस लिहिलंय. मग पंक्चर कशी झाली?" म्हटलं, टायर उघडून बघ. उघडला, तर आत ट्यूब.

कुणी फसवलं नव्हतं. टायरवर ‘ट्यूबलेस रेडी’ असं लिहिलं होतं. भाच्याने पहिला शब्द वाचला, दुसरा सोडला. हा टायर ट्यूबशिवाय चालवता येण्याजोगा आहे, एवढाच त्याचा अर्थ. बसवताना मात्र ट्यूब घालूनच बसवलेला असतो. बऱ्याच सायकली दुकानातून अशाच बाहेर पडतात. मग त्याचा पुढचा प्रश्न आला: "तर ट्यूब काढून नुसती हवा भरतो. आईच्या स्कूटरला तसंच आहे ना?"

नाही, तसं नाही. शब्द एकच आहे, पण काम करायची रीत अगदी निराळी आहे.

स्कूटरचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. गोव्यात घरटी एक तरी स्कूटर असते, तेव्हा पाहिलेलं सगळ्यांनी आहे. त्या टायरचं रबर जाड, आणि आतल्या अंगाला ब्यूटिल जातीच्या रबराचा थर, ज्यातून हवा जवळजवळ पाझरतच नाही. रिम अखंड, तिला भोक फक्त व्हॉल्वचं. टायरची कड रिमवर घट्ट बसली की तीच डब्याच्या झाकणासारखी हवा धरते. खिळा घुसला तर जाड रबर त्याला आवळून ठेवतं आणि हवा हळूहळू जाते, त्यामुळे माणूस घरी पोचतो. पंक्चरवाला खिळा उपसतो, सोल्यूशन लावलेली रबराची वात दाभणाने भोकात कोंबतो, उरलेलं टोक ब्लेडने छाटतो. पाच मिनिटांचं काम. आत थेंबभर द्रव नसतो. एकदा बसवला की टायर झिजेपर्यंत विसरलात तरी चालतं. स्पोकच्या चाकांच्या मोटरसायकलींना मात्र आजही बहुधा ट्यूबच असते, कारण प्रत्येक स्पोकसाठी रिमला एक भोक, आणि त्यातून हवा निघून जाते.

आता सायकलकडे या. माउंटन बाइकची रिम स्पोकचीच, २८ किंवा ३२ भोकांची. ती सगळी खास टेप गुंडाळून बंद करावी लागतात. आणि टायर? तो पायांनी ओढायचा असतो, म्हणून बाजूच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवलेल्या. नुसती हवा भरली तर त्या कापडासारख्या अंगातून ती झिरपत राहते. रात्री भरा, सकाळी चाक बसलेलं. म्हणून आत सीलंट घालावं लागतं, म्हणजे लेटेक्सचं दुधासारखं पातळ द्रव. थोडक्यात, स्कूटरचा टायर स्वतःच्या अंगाने हवा धरतो. सायकलचा ट्यूबलेस हवा धरतो तो या दुधाच्या जोरावर.

वाळपईला एका पंक्चरच्या दुकानात मी पहिल्यांदा हे घालत होतो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, "बाब, हें दूद कित्याक?" म्हणजे हे दूध कशाला? त्याला मी फणसाचं उदाहरण दिलं. फणस कापायला बसताना हाताला खोबरेल का लावतो आपण? चीक. झाडाला जखम झाली की चीक वाहतो, वारा लागून घट्ट होतो, जखम बुजते. रबराच्या झाडाचंही तेच, फक्त तो चीक आपण वाटीत धरून घेतो. सीलंट म्हणजे हाच चीक, वाटेतच घट्ट होऊ नये म्हणून पुष्कळदा अमोनिया घातलेला; काही बाटल्यांचं झाकण उघडलं की भपकारा नाकात जातो तो त्याचाच. चाक फिरतं तसं ते द्रव आतून सगळीकडे पसरत राहतं. काटा घुसला की हवा त्याला भोकाकडे ढकलते, त्यातले बारीक कण भोकात अडकतात, त्यांच्याभोवती लेटेक्स गोठतं. दोन-तीन फेऱ्यांत फुस्स आवाज थांबतो. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असं बुजतं, त्याहून मोठ्याला वात लागतेच. म्हाताऱ्याला एका वाक्यात पटलं. भाच्याला पटवायला अर्धा तास लागला.

गंमत म्हणजे सुरुवातीला सायकलवाल्यांनीही स्कूटरचीच रीत उचलली होती. १९९९ मध्ये माविक या फ्रेंच रिम कंपनीने हचिन्सन आणि मिशलँ या टायर कंपन्यांबरोबर माउंटन बाइकसाठी ‘यूएसटी’ पद्धत आणली. त्यात रिमच्या आतल्या पृष्ठभागाला स्पोकची भोकंच नव्हती आणि टायर आतून हवाबंद. द्रवाची गरज नव्हती. पण तो टायर जड. चढाला जास्तीचं वजन कुणाला हवंय? सीलंट रुळलं तसा हवाबंद टायर मागे पडला, पातळ टायर अधिक दूध ही जोडी राहिली. आपण आज ‘ट्यूबलेस रेडी’ म्हणतो ती हीच.

मग एवढी यातायात कशासाठी? ट्यूब स्वस्त असते आणि कुठेही मिळते. माझं उत्तर: सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या वाटांसाठी. या बाजूला सायकल रस्ता सोडून आत शिरली की दोन शत्रू भेटतात. एक काटे. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, करवंदीच्या जाळ्या, ओढ्याच्या काठी काटेरी बांबू, बागेच्या कुंपणाला कापून टाकलेल्या बोरीच्या फांद्या. करवंदीचा वाळका काटा टाचणीसारखा सरळ आत जातो. ट्यूब असताना एका सकाळी मी तीनदा पंक्चर काढलंय, तिसऱ्या वेळी पॅच संपले आणि सायकल ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत आलो. ट्यूबलेस केल्यापासून काट्याने थांबलोय असं क्वचितच झालं. टायरवर पांढरा ओला ठिपका दिसतो, तेवढंच.

दुसरा शत्रू जांभा दगड. सोडून दिलेल्या चिरेखाणींजवळच्या वाटांवर कोयत्याने कापल्यासारख्या कडा वर आलेल्या असतात. चाक जोरात अशा कडेवर आपटलं की टायर दबतो आणि आतली ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिमटते. शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. काटा शोधत बसू नका, काटा नसतोच. हे टाळायचं तर ट्यूबमध्ये हवा जास्त ठेवावी लागते. आणि हवा जास्त म्हणजे टायर कडक, म्हणजे सुट्या खड्यांवर चाक उड्या मारतं, ओल्या दगडावर घसरतं, मनगटं आणि कंबर बोलायला लागतात.

ट्यूबलेसचा खरा फायदा इथे आहे, पंक्चरपेक्षाही मोठा. चिमटायला ट्यूबच नाही, तेव्हा हवा कमी ठेवता येते. माझं वजन ७२ किलो, टायर सव्वादोन इंची. ट्यूब होती तेव्हा हवेचा दाब ३२ पीएसआय ठेवायचो. आता पुढे २२, मागे २५. टायर दगडाभोवती वळतो, जमीन धरतो. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरायचं ते पुष्कळ कमी झालं. वजन वाचतं हे दुकानदार सगळ्यात आधी सांगतो, मी सगळ्यात शेवटी सांगतो: २९ इंची चाकाची साधी ट्यूब साधारण २०० ग्रॅम, त्याजागी शंभरेक मिलिलिटर द्रव. चाकामागे पेलाभर पाण्याहून कमी फरक. त्यासाठी कुणी हे करू नये.

हवा कमी ठेवता येते म्हणून अतीही करू नये. २० च्या खाली जाऊन बघितलंय मी. वळणावर टायरची कड क्षणभर रिमपासून सुटते आणि ढेकर दिल्यासारखी हवा बाहेर पडते. शिवाय जांभ्याची कड आता ट्यूबऐवजी थेट रिमला भेटते. माझ्या मागच्या रिमवर तशी एक पोच आहे.

आता त्रास, आणि तो गोव्याचा हिशेब धरूनच सांगायला हवा. सीलंट ओलं असेपर्यंतच काम करतं. दोन ते सहा महिन्यांत ते सुकतं. एप्रिल-मेच्या उन्हात सायकल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर लवकर. आणि पावसात आपण काय करतो? जूनमध्ये सायकल भिंतीला टेकवतो, ती चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की काढतो. तोवर सगळं दूध तळाशी एका जागी जमून त्याची रबरी जिलबी झालेली असते. बाहेरून कळत नाही. हवा भरली जाते, माणूस निघतो, पहिला काटा लागतो आणि चाक बसतं. सायकल उभीच ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा चाकं फिरवून तरी ठेवा. कानाशी चाक हलवून आत द्रव डचमळतंय का ऐका. मी चवथीनंतर एकदा आणि शिमग्याच्या सुमारास एकदा आतून पुसून नवं भरतो.

बसवणं हाही उद्योग आहे. टायरची कड रिमवर चढायला एकदम जोरात हवा लागते, हातपंपाने बहुतेक वेळा चढत नाही. व्हॉल्वमधली आतली सुई काढायची, कडेला साबणाचं पाणी लावायचं, आणि पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरायचा. सायकलचा व्हॉल्व बारीक असतो, स्कूटरची नळी त्याला बसत नाही. बोटभर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. कड चढताना दोन वेळा टणकन आवाज येतो, दचकू नका. पण दुकानदाराला आधीच सांगा की हे स्कूटरचं चाक नव्हे. टायर आणि रिमवर छापलेल्या आकड्यापैकी जो कमी असेल त्याच्या वर हवा गेली तर टायर रिमवरून उडू शकतो.

आणि जेलची गोष्ट. स्कूटरच्या टायरातही ‘पंक्चर होऊ नये म्हणून’ घालायचं जाड, हिरवट जेल काही गॅरेजवाले विकतात. नाव त्याचंही सीलंट. एकदा माझं दूध संपलं होतं, म्हणून एका गॅरेजात मी तेच भरून घेतलं. चूक माझीही होती, विचारलं नाही. ते जेल खिळ्याचं भोक बुजवायला ठीक, पण पातळ टायरच्या भिंतीत मुरून ती हवाबंद करत नाही. सकाळी दोन्ही चाकं बसलेली, आणि तो चिकट राडा धुवायला अर्धा दिवस गेला.

त्यामुळे भाच्याला मी सांगितलं ते असं. दर आठवड्याला आडवाटेला जाणार असशील तर कर ट्यूबलेस, टेप आणि व्हॉल्व घेऊन ये, मी बसवून देतो. महिन्यातून एकदा दिवाडी बेटावर फेरीबोटीतून नेऊन गुळगुळीत रस्त्यावर फिरणार असशील तर ट्यूब राहू दे, त्यात कमीपणा नाही. आईच्या स्कूटरची तुलना मात्र सोड. तिथे विसरून जाणं चालतं, इथे नाही.

त्याने करायचं ठरवलं. मग एक गोष्ट बजावली: ट्यूबलेस असलं तरी पाठपिशवीत एक ट्यूब ठेवायची. जांभ्याने टायरची भिंत चिरली तर दूध आणि वात दोन्ही हरतात, आतून जाड कापडाचा तुकडा लावून ट्यूब घालूनच घरी यावं लागतं. पण ट्यूब घालण्याआधी टायर आतून नीट तपासायचा, कारण आजवर दुधाने बुजवलेले सगळे काटे अजून तिथेच रुतलेले असतात आणि नव्या ट्यूबची वाट बघत असतात. हाताने चाचपलं तर बोट फुटतं. कापसाचा बोळा फिरवायचा, जिथे अडकेल तिथे काटा. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी एका टायरातून मी पक्कडीने ते उपटत बसलो होतो. सतरा निघाले.