खपली गहू, हरितक्रांतीचा गहू आणि ग्लुटेनचं खरं काय

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय, की 1960 नंतर गहूच बदलला, त्यात ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रोटीन) वाढलं म्हणून शुगर आणि पोटाचे त्रास वाढले, तेव्हा खपली खा. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं नाही.

खपली म्हणजे सांगली, सातारा, कोल्हापूर आणि खाली बेळगाव-विजापूरकडे टिकून राहिलेला एमर गहू, पश्चिम आशियात साधारण दहा हजार वर्षांपूर्वी लागवडीला आलेल्या पहिल्या धान्यांपैकी एक. मळणी केली तरी याचं टरफल सुटत नाही, पाण्याचा हात लावून उखळात कांडायचा, मग पाखडायचा, तेव्हा कुठे खिरीपुरता दाणा हाती येतो. एवढी मेहनत कोण करणार, म्हणून मागे पडला. पण तांबेऱ्याला, म्हणजे गव्हावरच्या बुरशीच्या रोगाला, मात्र चिवट, इतका की 1922 मध्ये अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला 12 गव्हांचा संच ठरवला त्यात आपला गहू ‘खपली’ याच नावाने होता! मला याचा फार अभिमान वाटतो.

आता चपातीचा गहू, तोही हजारो वर्षं जुनाच आहे, फक्त खपलीत 28 गुणसूत्रं आणि यात 42. साठच्या दशकात बदलली ती मुख्यतः उंची. उंच गव्हाला खत जास्त घातलं की तो लोळायचा, म्हणून जपानच्या नोरिन 10 या बुटक्या गव्हातला बुटकेपणा अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉगनी मेक्सिकोत नव्या वाणांत आणला, आणि इकडे 1965-66 चा दुष्काळ, अमेरिकेच्या पीएल-480 या मदत योजनेतल्या गव्हाची वाट बघत बसायची वेळ, तेव्हा 1966 मध्ये भारताने मेक्सिकोतून 18,000 टन बियाणं मागवलं. भूक होती हो, हे विसरून चालणार नाही.

मग ग्लुटेन वाढलं का? जर्मनीत 1891 ते 2010 मधले 60 वाण एकत्र पेरून तपासले, तर प्रोटीन थोडं कमीच झालेलं आणि ग्लुटेन जवळपास तेवढंच. घटलं ते दुसरंच. इंग्लंडच्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच शेतात गहू घेतायत, तिथले जपून ठेवलेले दाणे तपासल्यावर दिसलं की बुटके वाण आल्यावर झिंक, लोह, मॅग्नेशियम उतरलं. माझ्या मते चर्चा याची व्हायला हवी.

खपलीने शुगर-कोलेस्टेरॉल सुधारतं असं सांगणारे अभ्यास आहेत पण छोटे, आणि सालासकट खपलीचा दलिया विरुद्ध मैद्याचा ब्रेड अशी तुलना केली तर दलियाच जिंकणार. शिवाय आपले आजी-आजोबा रोज कुठे खपली खात होते, रोजची ज्वारी-बाजरीची भाकरी, गहू सणाला. आणि बाजारातली खपली जुनीच असेल असंही नाही, पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस 2971 हा खपलीचाच निमबुटका वाण आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, खपलीत ग्लुटेन असतंच. चपातीच्या गव्हातल्या ग्लुटेनचा एक फार त्रासदायक तुकडा तिच्यात नसतो, बाकीचे असतात, त्यामुळे सीलिएक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांनी खपली अजिबात खाऊ नये. त्यांच्यासाठी ज्वारी, बाजरी, नाचणी, आणि तीही घरच्या वेगळ्या चक्कीवर दळलेली, कारण गिरणीत आधीच्या गव्हाचं पीठ त्यात मिसळतंच.