फिरते डिझेल जनित्र : देखभाल व साठवण

चाकांच्या गाड्यावर किंवा टेम्पोवर बसवलेला, हवा तिथे ओढून नेता येणारा डिझेल इंजिन व आल्टरनेटरचा (वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) संच. इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांनी फिरते आणि चार ध्रुवांच्या आल्टरनेटरमधून 50 हर्ट्झची वीज निघते. कोल्हापुरात लग्नाचे मांडव, गणेशोत्सव व नवरात्रातील मंडळे, जोतिबाची चैत्र यात्रा, रस्त्यांची कामे अशा ठिकाणी तो भाड्याने जातो. मांडव-डेकोरेशनवाल्यांकडचा संच साधारण दिवाळीनंतर लग्नसराई संपेपर्यंत पळतो आणि जूनपासून गणपतीपर्यंत उभा राहतो. त्यामुळे साठवणीचा काळ नेमका इथल्या धुवाधार पावसात येतो. चालून जेवढे संच बिघडत नाहीत, तेवढे उभे राहून बिघडतात.

नेहमीच्या देखभालीचे वेळापत्रक तासमापकावर, म्हणजे इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरवर चालते. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल बहुधा 50 तासांनी आणि पुढे संचानुसार 250 ते 500 तासांनी बदलतात. अचूक आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. मात्र तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच लागते, आणि भाड्याच्या धंद्यात हेच विसरले जाते. एअर फिल्टरला ठरलेला हिशेब लागू पडत नाही. खडीच्या कामावर आठवडाभर राहिलेल्या संचाचा फिल्टर मांडवातल्या संचाच्या कितीतरी आधी चोंदतो. डिझेल फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा राहिली तर इंजिन सुरू होत नाही, झालेच तर बंद पडते. अशा वेळी फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारतात. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न घालता कूलंट भरावे, एवढे सांगितले तरी पुरे.

कमी भारावर तासन्‌तास चालवणे हा कमी बोलला जाणारा दोष आहे. क्षमतेच्या 30 टक्क्यांखाली भार राहिला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि सायलेन्सरमधून काळा तेलकट थर गळू लागतो. हॅलोजन जाऊन एलईडी माळा आल्यापासून रोषणाईचा भार घटला. तरीही मंडळे जुन्या सवयीने मोठाच संच मागवतात. अधूनमधून पुरेसा भार देऊन चालवल्याने हा थर बराचसा जळून जातो.

साठवणीपूर्वी ऑइल बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ले बेअरिंग खातात. टाकी जवळजवळ भरून ठेवावी. अर्धी टाकी म्हणजे आत दमट हवा. तिच्यातले पाणी भिंतींवर जमून तळाशी उतरते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून चिकट गाळ होतो. पाऊस सरल्यावर टाकीच्या तळातून आधी पाणी काढावे. बॅटरीची ऋण तार सुटी करावी आणि व्होल्टेज 12.4च्या खाली गेल्यास चार्ज करावे. डाऊन अवस्थेत पडलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरते व ती पुन्हा पुरता चार्ज घेत नाही. सायलेन्सरचे तोंड झाकावे, पण चालू करताना ते काढायची आठवण राहील असे काहीतरी दिसेल अशा जागी बांधावे. महिन्यातून एकदा अर्धा तास, किमान 30 टक्के भारावर आणि उघड्या जागेत संच चालवावा. बंद शेडमधला धूर कार्बन मोनॉक्साइडमुळे जीव घेतो.

टायर वाचवण्यासाठी गाडा ठोकळ्यांवर उचलावा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. सुतारवाडा, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर अशा सखल भागांत तो जसाच्या तसा पाळणे शहाणपणाचे नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरली जाते. 2019 व 2021 च्या महापुरांत नदीने ती मागे टाकली. तिथे टायरमध्ये हवा भरलेली, हूक रस्त्याकडे आणि टाकी भरलेली ठेवणे बरे, म्हणजे पाणी चढू लागताच संच ओढून नेता येतो. शिवाय पुरात वीज गेलेल्या वस्तीला हाच संच लागतो.

पाण्यात बुडालेला संच कधीही लगेच सुरू करू नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे, दुधाळ झालेले ऑइल, डिझेल व सर्व फिल्टर बदलावेत. आल्टरनेटर गोड्या पाण्याने धुऊन मंद उष्णतेवर वाळवतात व वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा रोध 500 व्होल्टच्या मेगरने मोजतात. तो 1 मेगाओहमपेक्षा कमी असल्यास वाळवणे चालू ठेवतात. अशी कामे शिवाजी उद्यमनगरातले मेस्त्री करतात. कागलच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनांचे कारखाने असल्याने सुटे भागही लांबून मागवावे लागत नाहीत. जोडणीत चेंजओव्हर स्विच (एका वेळी महावितरणची किंवा संचाची, एकच वीज जोडणारा) व स्वतंत्र अर्थिंग हवेच. चेंजओव्हर नसेल तर संचाची वीज उलट महावितरणच्या तारेत जाते आणि ती तार बंद समजून हात लावणारा वायरमन दगावू शकतो.