भाड्याने द्यायला प्रॉपर्टी घेताय? आधी लोनची फाईल, मग टोकन

नवीन लोक काय करतात, प्रॉपर्टी आवडली की एजंटच्या घाईत टोकन, म्हणजे सौदा धरून ठेवायची आगाऊ रक्कम, देऊन मोकळे होतात आणि मग बँकेची पायरी चढतात. उलटं करा. भाड्यासाठी घ्यायच्या घराचं लोन मागितलं की बँक तुमच्यासोबत त्या सौद्याचीही उलटतपासणी घेते, तीच आपण आधी घरी बसून घेतली की कितीतरी सौदे तिथेच बाद होतात.

पात्रतेचं बघा. उत्पन्न, चालू हप्ते, क्रेडिट हिस्टरी हे नेहमीचंच, पण राहायच्या घरापेक्षा इथे बहुतेक वेळा पदरचे पैसे जास्त घालावे लागतात, व्याजही जरा चढं असतं. आणि उत्पन्नात भाडं पूर्ण धरत नाहीत, काही बँका 75 टक्केच धरतात.

समजा वर्षाचं भाडं 100. एक महिना घर रिकामं राहिलं, गेले 8. टॅक्स, विमा, मेंटेनन्स, दुरुस्ती मिळून 25. उरले 67. वर्षाचे हप्ते 60 असतील तर तुम्ही म्हणाल सुटलो, पण बरेच बँकवाले हप्त्याच्या सव्वापट उत्पन्न मागतात, म्हणजे 67 मध्ये हप्ता बसतो जेमतेम 53 चा. मग एकतर किंमत पाडून मागा नाहीतर लोन कमी घ्या, एजंट "भाडं वाढेलच हो" म्हणतो त्या भरवशावर गणित करू नका.

तुमचे कागद सोपे आहेत: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पगाराच्या स्लिपा किंवा धंद्याचे हिशोब, टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, चालू कर्जांचा तपशील. खरी कसोटी विकणाऱ्याच्या कागदांची. मूळ खरेदीखत, आधीच्या मालकांची साखळी, घरावर कर्जाचा वगैरे बोजा नसल्याचा दाखला, मंजूर नकाशा, टॅक्सच्या पावत्या, भाडेकरू असेल तर करार आणि डिपॉझिटचा हिशोब. मी एकदा भाडेकरार बघून खूश झालो होतो, 12 महिन्यांचा, सह्या वगैरे सगळं ओके, मग मालकाचं स्टेटमेंट मागितलं तर भाडं जमा झालेलं फक्त 7 वेळा. तेव्हापासून करार नंतर बघतो, स्टेटमेंट आधी. आणि खरेदीखतावर तीन नावं असतील तर तिघांच्या सह्या लागतात, "भाऊ परदेशात आहे, त्याचं काही नाही" हे चालत नाही.

अर्ज गेला की बँकेचा वकील टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासतो आणि व्हॅल्युअर घर बघून त्याची किंमत ठरवतो, तेच व्हॅल्युएशन. व्हॅल्युएशन आणि सौद्याची किंमत यातलं जे कमी त्यावरच लोन मिळतं हे पुष्कळांना माहीतच नसतं. सौदा 100 चा, व्हॅल्युएशन 90 आणि लोन 75 टक्के, तर हातात येतात साडेसदुसष्ट, म्हणजे तुमचे 25 चे साडेबत्तीस झाले. म्हणूनच टोकन देताना लोन नामंजूर झालं किंवा व्हॅल्युएशन कमी आलं तर पैसे परत, ही अट लेखी घ्याच, तोंडी शब्दाला तिथे किंमत नाही.

मंजुरीपत्र आलं की आधी त्यावरची मुदत बघा, ती संपली की कागद आणि व्याजदर पुन्हा तपासले जाऊ शकतात, तेव्हा रजिस्ट्रेशनची तारीख त्याच्या आतली धरा.